हॉल बुक हाय, मॅडम!

आमच्या ओपीडीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. नंबर लावून, चपला बाहेर काढून ते स्वतःच आत येतात! मी सोलापुरात बाळंतपणं करते. बीपी चढलेल्या गरोदर पोरींच्या घरच्यांशी भांडण्यातच माझा अर्धा दिवस जातो.

एकाला म्हटलं, "बायकोचं बीपी वाढलंय." तो हसला. "मॅडम, ती मुळातच रागीट हाय!"

"तुमच्याबरोबर राहते, दुसरं काय होणार?" मी म्हटलं. पुढच्या वेळेपासून तो तिच्याबरोबर आईलाच पाठवायला लागला.

एका सासूबाईंनी सुनेची गोळी बंद करून तिला स्वतःचीच बीपीची गोळी चालू केली. का, तर "घर एकच हाय की! दोन दोन पाकिटं कशाला?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण खरा संताप झाला तो कुंभारी गावच्या रेखाच्या वेळी. आठवा महिना, बीपी चढलेलं, तोंड सुजलेलं, जोडवी बोटांत रुतलेली. सासू कौतुकानं म्हणाली, "अंग कसं भरलंय बगा!"

"ही सूज आहे! आजच ॲडमिट करा, नाहीतर झटके येतील. जिवाशी खेळ आहे हा."

नवरा म्हणाला, "रविवारी डोहाळजेवण हाय. हॉल बुक हाय, मॅडम! सोमवारी आणतो की."

"डोकं लई दुखतंय वो," रेखा म्हणाली. घरच्यांनी ऐकलंच नाही. मी ओरडले, हात जोडले. गेले ते गेलेच.

रविवारी फुलांच्या झोपाळ्यावरच तिला झटका आला. तिच्या नणंदेनं व्हिडिओ मला नंतर दाखवला. रेखाचे डोळे फिरलेले, हातपाय ताठ, आणि बायका ओरडतायत, "अंगात आलं!" सासूनं तिच्या कपाळावर कुंकू थापलं आणि विचारलं, "आई, मुलगा हाय का?"

मग आणली! सिझेरियन केलं. नशीब, दोघं वाचली. बाळ काचेच्या पेटीत होतं, रेखा वॉर्डात डोळे मिटून पडलेली. नवरा म्हणाला, "असं का झालं, मॅडम? आमच्या घराण्यात कुणाला न्हाय."

राग गिळून समजावलं. बाळ अर्धं बापाचं. आईच्या रक्तातल्या रक्षक पेशींनी त्याला आपलं म्हणायचं, बाळाला पोसणारी वार रुजायला मदत करायची. काहींच्यात ते बिनसतं, पेशी बाळाला परकं धरतात, आणि बीपी चढतं.

तो दुखावला. "म्हंजे माजं जे हाय, ते हिच्या अंगाला परकं वाटलं?"

रेखानं डोळे न उघडताच उत्तर दिलं, "अंगाला लवकर कळलं की. मलाच उशीर झाला."