बारावी होईपर्यंत

लातूरच्या त्या गल्लीत बायका कमी आणि आया जास्त होत्या. कुणी देवणीची, कुणी देगलूरची, कुणी परभणीकडची. आपलं घर, नवरा, म्हातारी माणसं मागे ठेवायची, पोराला किंवा पोरीला घेऊन एका खोलीत राहायचं, दोन वर्षं पोळ्या लाटायच्या आणि क्लास सुटायच्या वेळी डबा घेऊन दाराशी उभं राहायचं, एवढंच आमचं काम. नवरे अधूनमधून पाहुण्यासारखे येत आणि फरसाणाची पुडी ठेवून जात. मी नांदेडची. आमचे मिस्टर तिथे रेल्वेच्या ऑफिसात. मुलीला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून मी खाजगी शाळेतली नोकरी सोडून तिच्यासोबत आले होते.

त्या गल्लीचा एक कायदा होता. वाईट बातमी लेकराच्या कानावर जाऊ द्यायची नाही, बारावी होईपर्यंत. आमच्या खालच्या खोलीतल्या बाईचे वडील वारले, तर ती पोराला ‘मावशीकडं लग्न हाय’ असं सांगून माती द्यायला गेली. परत येताना पोराला संशय येऊ नये म्हणून लग्नाची बुंदीसुद्धा विकत घेऊन आली. पोरानं बुंदी खाल्ली. आजोबा गेल्याचं त्याला निकालानंतर कळलं, आणि सगळ्या गल्लीनं त्या बाईचं कौतुक केलं. मीही केलं. दुसऱ्याच्या घरी असलं की सगळं शहाणपणाचंच दिसतं.

दिवाळी होऊन थंडी पडली होती. अंघोळीला साबण लावताना डाव्या बाजूला बोटांना गाठ लागली. लहान नव्हती, चांगली लिंबाएवढी होती. इतके दिवस ती तिथं बसून काय करत होती आणि मी काय करत होते, कोण जाणे. मुलीच्या टेस्टचे मार्क मला तोंडपाठ होते, आणि स्वतःच्या अंगात काय वाढतंय याचा पत्ता नव्हता. घराचं लाइट बिल भरायचं राहिलंय अशी थाप मारून मी नांदेडला गेले. सोनोग्राफी झाली, सुई टोचून तुकडा काढला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी मिस्टरांकडे बघून सांगायला सुरुवात केली. मी म्हणाले, “साहेब, गाठ माझी आहे, इकडं बघून बोला.”

पूर्ण स्तन काढावा लागेल, काखेतल्या गाठी काढाव्या लागतील, नंतर केमो. लवकरात लवकर.

बाहेर पायऱ्यांवर बसून मिस्टर म्हणाले, “परीक्षा झाल्यावर केलं तर न्हाई जमायचं का?”

त्यांचा राग आला असं म्हणणं कमी पडेल. मला त्यांना त्या पायऱ्यांवरून ढकलून द्यावंसं वाटलं. मग बघितलं तर त्यांच्या हातातली फाइल खाली घसरत होती. तो माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. घाबरलेला माणूस नेहमीच्या कुलपाला नेहमीची किल्ली लावून बघतो, तसं त्यांनी बारावी पुढे केली होती. डॉक्टरांनी मेमधल्या प्रवेश परीक्षेपर्यंत थांबायला साफ नकार दिला आणि तो प्रश्न मिटला. उरला दुसरा. पोरीला सांगायचं की नाही.

घरी गेल्यावर मी म्हणाले, सांगायचं. ती अठराची होतेय, तिला डॉक्टर व्हायचंय, आणि आपल्या आईला काय झालंय हे तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं तर ती आपल्याला जन्मात माफ करणार नाही. मला सुरीपेक्षा त्याची भीती जास्त होती. सासूबाई म्हणाल्या, “खुळी का काय! वर्षाची मेहनत पाण्यात घालती का? आन् उद्या तिच्या सोयरिकीला कोण येईल, आईला असला रोग म्हटल्यावर?”

मी माझं सांगितलं. माझं माहेर औशाच्या पलीकडचं. भूकंप झाला त्या वर्षी मी बारावीलाच होते. घराचं मातीचं माळवद बसलं, त्याखाली आई गेली. माझ्यापासून कुणी काही लपवलं नाही. लपवायला भिंतच उरली नव्हती. आईला ओळखायला मला नेलं, ओट्याजवळ सापडली, हातावरच्या गोंदणावरून मी ओळखलं. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी अभ्यास केला आणि त्याच वर्षी परीक्षा दिली. “माणूस खरं ऐकून मरत न्हाई,” मी म्हणाले.

मिस्टर खाली बघत म्हणाले, “आन् मार्क किती पडले होते तुला?”

काठावर पास झाले होते. मलाही तेव्हा काहीतरी व्हायचं होतं.

मग सासूबाईंनीच वाट काढली. गर्भाशय काढायचंय असं सांगायचं. आमच्या भागात बाईनं पिशवी काढली म्हटलं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. चाळिशीच्या आत कितीतरी जणींची निघालेली असते. दात काढावा इतक्या सहज लोक त्याविषयी बोलतात. त्यात लाज नाही, भीती नाही, सोयरीक मोडण्याचं कारण नाही. पोरीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “फायब्रॉइड आहेत का मम्मी? आमच्या पुस्तकात आहे.” मी हो म्हणाले. आठवडाभर ती रोज फोन करून मला गर्भाशयाची माहिती सांगत होती, घाबरू नको म्हणत होती.

सासूबाई लातूरला तिच्याजवळ गेल्या आणि मी नांदेडच्या दवाखान्यात भरती झाले. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नर्सनं काख साफ केली, बांगड्या काढल्या, मंगळसूत्र मिस्टरांच्या हातात दिलं. ते त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशावर हात धरून बसले. सकाळी डॉक्टरांनी पेनानं छातीवर रेघा ओढल्या. शिंपी कापड बेततो तशाच. मी वर पंख्याकडे बघत होते. मला रडू आलं नाही. आईची आठवण मात्र आली, आणि अशी आली की ती आता असती तर मी तिला शिव्या दिल्या असत्या, इतका वेळ कुठं होतीस म्हणून.

शुद्धीवर आले तेव्हा छातीला आवळून पट्टी होती आणि काखेतून एक नळी निघून डब्यात गेली होती. त्या डब्यात लालसर पाणी साचायचं. तो डबा धरून मी वॉर्डात फिरायची. पट्टी पहिल्यांदा सोडली त्या दिवशी मी बघणार नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं. नुसती सपाट जागा आणि त्यावर आडवी टाक्यांची रांग. तिथं माझ्या पोरीनं दूध प्यायलं होतं. मी नर्सला म्हणाले, “बरं शिवलंय.” ती हसली. मग मात्र मी इतकी रडले की तिनं पडदा ओढून घेतला.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं. डाव्या हातात सुई टोचून घ्यायची नाही, त्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायचा नाही, वजन नाही, घट्ट बांगड्याही नाहीत. काखेतल्या गाठी काढल्यामुळे तो हात सुजू शकतो, आणि एकदा सुजला की पूर्ववत होत नाही. म्हणून मी उजव्या हातात बांगड्या भरल्या आणि डावा मोकळा ठेवला. भेटायला येणाऱ्या बायकांना मी पिशवी काढलेली बाई होते. त्या पोटाला पट्टा बांध म्हणत, डिंकाचे लाडू आणत, आणि माझ्या एका हाताकडे बघून म्हणत, “हे काय, एक हात रिकामा?” मी तो पदराखाली घ्यायची.

केमोच्या आधी जखम भरायला वेळ दिला होता. पण लातूरला सासूबाईंना तिसरा मजला झेपेना. नळाला पाणी नाही, टँकर आला की खाली धावायचं, आणि त्यांचे गुडघे गेलेले. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. मिस्टर म्हणाले, “थोडेच दिवस हायत.” मी गेले.

समोरच्या खोलीत देवणीच्या भाभी राहायच्या, त्यांचं घराणं गावात घड्याळं दुरुस्त करायचं, आणि मुलगा माझ्या मुलीच्याच क्लासला होता. त्यांनी माझ्या घागरी वर आणून दिल्या. “ताई, तुम्ही हात बी लावू नका. पिशवीच्या ऑपरेशनला वजन म्हणजे जहर हाय.” खोट्याचा तेवढा फायदा झाला. मुलगी क्लासला गेली की मी भिंतीला लागून उभी राहायची आणि डाव्या हाताची बोटं भिंतीवरून वर वर चढवायची, तो व्यायाम सांगितला होता. ती आली की ब्लाउजमध्ये मऊ कापडाची घडी नीट करून पोळ्या लाटायला बसायची. झोपताना कुशीत शिरायची सवय होती तिची, एवढी मोठी झाली तरी. मी टाके दुखतात म्हणून पाठ करून झोपायची. एकदा ती म्हणाली, “पोटाला धक्का नाही लावणार, प्रॉमिस.” मी झोपल्याचं सोंग केलं.

बोर्डाचे पेपर सुरू झाले आणि मला ताप भरला. काखेतल्या जखमेत पाणी साचलं होतं, ते मला नंतर कळलं. दुपारी इतकी थंडी वाजली की दात वाजायला लागले. मुलीनं भाभींना हाक मारली नाही, मिस्टरांना फोन केला नाही. स्वतः ऑटो आणली आणि मला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईला तिनं ठणकावून सांगितलं, “मम्मीचं हिस्टरेक्टॉमी झालंय, पोस्ट-ऑपरेटिव्ह फीवर आहे.” किती अभिमानानं सांगत होती.

डॉक्टर यायचे होते. त्या बाईनं सलाईन काढलं, माझ्या उजव्या हातातल्या बांगड्या बघितल्या आणि डावा हात ओढला. “हा बरा, मोकळा हाय.” तिनं दंडाला पट्टा आवळला.

मी म्हणाले, “हा नको. तो घ्या.”

“काही होत नाही मम्मी,” माझी मुलगी म्हणाली आणि तिनं माझं मनगट धरलं. “बारीक सुई आहे. इकडं बघ, माझ्याकडं बघ.”

ओरडावं असं वाटलं. ओरडले असते तर का ते सांगावं लागलं असतं. परवा तिचा बायोलॉजीचा पेपर होता. मी तिच्याकडे बघितलं. तिनं हात घट्ट धरून ठेवला आणि सुई आत गेली.

डॉक्टर आले. ऑपरेशन झालंय म्हटल्यावर टाके बघायला त्यांनी पोटावरची साडी बाजूला केली. पोट स्वच्छ होतं. ना टाका, ना डाग. त्यांनी विचारलं, “कुठंय जखम?” मुलगी वाकून बघायला लागली, मग माझ्या तोंडाकडे बघायला लागली. शेवटी मीच उजव्या हातानं ब्लाउजची हुकं काढली.

डॉक्टरांनी आधी त्या बाईला शिवी हासडली आणि सुई उपसून काढली. माझी मुलगी स्टुलावर बसली. ज्या हातानं माझं मनगट धरलं होतं तो हात ती ओढणीला पुसत होती, सारखा पुसत होती.

तिनं तो पेपर दिला, पुढचे सगळे दिले. माझी केमो सुरू झाली, केस गेले. हात सुजला तो सुजलाच. आज त्यावर सूज दाबणारी घट्ट बाही चढवावी लागते, आणि पोळपाटावर तो ओंडक्यासारखा पडून राहतो. मेमध्ये तिनं प्रवेश परीक्षा दिली आणि तिला मेडिकलला जागा मिळाली. सासूबाईंनी पेढे वाटताना पाहुण्यांना सांगितलं, “काही कळू दिलं न्हाई पोरीला, म्हणून झालं.” मुलगी तिथंच उभी होती. तिनं पेढा घेतला.

ती दूरच्या शहरात शिकायला गेली. गेल्या तपासणीला मी एकटीच गेले होते. सगळे रिपोर्ट चांगले आले, पुन्हा काही निघालं नाही. डॉक्टरांच्या खोलीतूनच मी तिला फोन लावला.

“सगळं चांगलं आहे ग,” मी म्हणाले.

ती म्हणाली, “डॉक्टरांना दे फोन.”

“अगं, खरंच...”

“मम्मी, डॉक्टरांना दे.”

मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तिला एकेक तपासणी सांगितली. समोर बसून मला ऐकू येत होतं, ती रडत होती. कोपऱ्यावरच्या त्या दवाखान्यातल्या दिवसापासून ती माझ्याजवळ एकदाही रडलेली नाही. आई जगणार आहे ही गोष्ट तिनं एका परक्या माणसाकडून ऐकली तेव्हा तिला खरी वाटली. त्यांनी फोन मला परत दिला.

तिनं नाक ओढलं. “जेवलीस का?” तिनं विचारलं.

“हो,” मी म्हणाले. जेवले नव्हते.