गंगारामकाकांचा फेर

गंगारामकाका कुठेही उभे राहिले की त्यांची उजवी टाच हळूच जमिनीवर आपटायला लागायची. किराणा दुकानाच्या रांगेत, लिफ्टची वाट बघताना, आमच्या दारात बेल वाजवून झाल्यावरही. घरात आम्हाला आधी बेल ऐकू यायची आणि मागोमाग ती टाच.

ते पहिल्यांदा आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. नव्वदीची मधली वर्षं. आम्ही आखातात, रास अल खैमाला राहायचो, बाबा सिमेंटच्या कारखान्यात इंजिनियर होते. काका टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर काम करायचे आणि कामगारांच्या कॅम्पातल्या एका खोलीत आठ जणांबरोबर राहायचे. ते बाबांच्याच गावचे, संगमेश्वराकडचे. ते रजेवरून परत निघाले तेव्हा माझ्या आजीने त्यांच्याबरोबर आमसुलांची पिशवी पाठवली होती, ती द्यायला आले होते.

"आई, व्हाय इज ही टॅपिंग?" मी त्यांच्या पायाकडे बोट दाखवून विचारलं. मला मराठी कळायचं, पण तोंडातून इंग्रजीच निघायचं.

काका हसले. "ह्यो पाय माजा न्हाय, बाय. तुज्या आज्यानं बसवलाय."

"काका, चहा घ्या," बाबा मध्येच म्हणाले, आणि विषय तिथेच संपला. आजोबांबद्दल आमच्या घरात कधी बोललं जात नसे. मी वर्षाची असताना ते गेले, एवढंच मला ठाऊक होतं.

आईने त्या दिवशी काकांना जेवायला थांबवून घेतलं. मग शुक्रवार, तिथला सुट्टीचा दिवस, हा त्यांचा वारच झाला. जेवण झालं की ताट स्वतः धुऊन ठेवायचे. आई रागवायची, तर म्हणायचे, "खलास, वैनी, धुवून झालं बी."

त्याच वर्षी शाळेत प्रत्येकाने आपापल्याकडचा नाच करून दाखवायचा होता. केरळच्या मुलींनी, फिलिपिनो मुलांनी, इजिप्तच्या एका मुलाने पटापट नावं दिली. बाईंनी मला विचारलं, तेव्हा मी "आय डोन्ट नो" म्हणून खाली बसले. शुक्रवारी मी काकांना गाठलं आणि मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "काका, आपला डान्स कुठला?"

काका उभे राहिले आणि त्यांची टाच वाजायला लागली. मग म्हणाले, "जाखडी."

गणपतीच्या दिवसांत मधोमध मृदंगवाला आणि गाणारे बसतात, भोवती पायात घुंगरू बांधलेले पुरुष फेर धरून नाचतात, हे त्यांनी मला हातवारे करून सांगितलं. "बायका न्हाय नाचत ह्यात. पर हितं कोन बगतोय? गनपती बगतोय. त्याला चालंल."

आम्ही गच्चीवर शिकायला लागलो. पाण्याच्या टाक्या आणि टीव्हीच्या थाळ्यांच्या मध्ये चार पावलांची मोकळी जागा होती. काका तेलाचा रिकामा डबा वाजवायचे, मधूनच तो खाली ठेवून स्वतः पाय टाकून दाखवायचे. मी शाळेत कवायतीला उभं राहावं तशी ताठ. "वाक जरा," ते ओरडायचे. "देवाम्होरं ताठ कोन नाचतो? खांदा सोड. यल्ला, चल परत!" भट्टीच्या कामाने काळवंडलेला, कमी बोलणारा माणूस तिथे वेगळाच व्हायचा. दोन पावलं नीट जमली की डोळे मिटून म्हणायचे, "आता तू आमच्या गावात पोचलीस, बाय."

आजोबा मला त्या गच्चीवर, काकांच्या बोलण्यातून भेटले. मृदंग तेच वाजवायचे, गाणी उभ्या उभ्या रचायचे. समोरच्या गावच्या फडाने गाण्यातून सवाल टाकला, की आजोबा गाण्यातूनच असं उत्तर द्यायचे की समोरचे गप्प बसायचे. काकांना लहानपणी हाताला धरून फेरात त्यांनीच उभं केलं होतं. मग एका वर्षी त्यांनी वाजवणं सोडलं ते कायमचंच. "मंग का थांबले?" मी विचारलं, आणि न अडखळता मराठीत विचारलं याचं माझं मलाच नवल वाटलं.

काकांनी डबा बाजूला ठेवला आणि सांगितलं. बाबा तेव्हा कॉलेजात होते. गणपतीला मित्रांना गावी घेऊन आले. मित्रांनी आजोबांना नाचाच्या वेशात, डोळ्यांत काजळ, कानांत बाळ्या असं पाहिलं आणि वर्षभर कॉलेजात बाबांना चिडवलं. पुढच्या वर्षी बाबा वडलांना म्हणाले, हे आता बंद करा, मला लाज वाटते. म्हाताऱ्याने मृदंग आढ्याला टांगला तो पुन्हा काढला नाही. "तुज्या बापाचं चुकलं न्हाय," काका म्हणाले. "पोर लाजलं. लाजतात पोरं. पर म्हाताऱ्यानं लई मनावर घेतलं."

मागे बाबा उभे होते. किती वेळ, ते कळलं नाही.

"काका, तिला हे शिकवू नका," ते हळू आवाजात म्हणाले.

"बरं, साहेब," काका म्हणाले. तोवर ते बाबांना नावानेच हाक मारत आले होते.

शाळेत मी शेवटी इतर मराठी मुलींबरोबर लेझीम खेळले. आईने काकांना पास दिला होता. कारखान्यातली पाळी बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून ते मागच्या भिंतीला टेकून उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना. नंतर जवळ येऊन म्हणाले, "झकास. लेझीम बी आपलीच की." त्यानंतर मात्र ते आमच्याकडे आले नाहीत. बाबांनी दोनदा निरोप पाठवला. काम आहे, असं उत्तर आलं.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी आठ दिवस या कचेरीतून त्या कचेरीत फिरून कागद जमवले आणि शवपेटीबरोबर स्वतः गावी गेले. आजोबांच्या वेळी रजा मिळाली नव्हती, हे आईने मला तेव्हा सांगितलं. परत आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "फार माणसं आली होती." मग बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ सोडून आत राहिले.

मी एकोणीस वर्षांची असताना बाबांबरोबर पहिल्यांदा गावी गेले. काकांच्या घरी काकी एकट्याच होत्या. लग्नानंतर वर्षभरात काका आखातात गेले, आणि अठरा वर्षांत भाद्रपदात रजा एकदाही मिळाली नाही. "पयल्या गनपतीला नाचताना बगितला, तेवडाच," काकी म्हणाल्या. "तुला शिकवतोय म्हनून पत्रात लिवला व्हता. दाव की."

मी अंगणात उभी राहिले. बाबा पायरीवर बसले होते, मान खाली. त्यांनी नाही म्हटलं नाही. दहा वर्षांत मी एकदाही नाचले नव्हते. सुरुवातीला पाय अडखळले, मग आपोआप पडायला लागले. काकी माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, नुसत्या पायांकडे. मी थांबले तरी बराच वेळ त्यांची नजर तिथेच होती.

"असाच नाचायचा," त्या म्हणाल्या. "शेवटाला उगाच घाई करायचा. तू बी करतेस."