दगडाबाईंचा क्ष

तिसगावच्या अंगणवाडीत दगडाबाई मदतनीस होत्या. तिथली सेविकेची जागा रिकामी झाली, पण त्या जागेसाठी दहावी पास बाई हवी होती. म्हणून १९९४ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि रोज दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसू लागल्या. मी हायस्कुलातली गणिताची बाई. स्वभावाने तापट, आणि दगडाबाई तो ताप रोज दोन डिग्रीने चढवून जायच्या.

"पिशवीत तीन लाल आणि पाच हिरव्या बांगड्या आहेत. न बघता एक काढली, तर ती हिरवी असण्याची संभाव्यता किती?"

"एक."

"अहो, पाच छेद आठ!"

"न बघता कशापायी काढू? मालक धडधाकट हायेत. हिरवीच काढीन की!"

मी कपाळावर हात मारला. हसू मात्र आवरेना.

बीजगणितात त्या चटपटीत होत्या. फक्त जुन्या पेपरातलं एक गणित रोज कोरं सोडायच्या. 'सूर्यभानचे वय त्याच्या मुलाच्या वयाच्या चौपट आहे...' शेवटी मी खेकसले, तेव्हा तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "ह्येंचं नाव हाय त्ये. कसं लिवू?"

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून पाच मार्कांवर पाणी सोडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मग घेऊच नका नाव. समजा, यांचे वय क्ष. झालं!"

"आन् बोर्डाला चालतंय?"

"चालतं."

"मंग ह्ये गनित बायांनीच काडलं असनार."

त्या दिवशी दगडाबाईंनी क्ष घरी नेला आणि नवऱ्याच्या माघारी त्यांना क्षच म्हणू लागल्या. 'क्ष आले का रानातून?' 'क्षला च्यात साखर लई लागती.' ते कानावर गेलं तसे, परीक्षेला चार दिवस उरले असताना, त्यांचे यजमान सूर्यभान हॉल तिकीट मुठीत चुरगाळत माझ्या ओट्यावर आले. मागे दगडाबाई.

"बाई, ह्यो क्ष कोन हाय? त्ये कळल्याबिगर आमच्या घरातून पेपरला कोनी जानार न्हाई."

मी पुस्तक उघडून दाखवलं. ते आणखीच भडकले. "ह्यो तर पानापानावर हाय! लई घरं फिरलेला दिसतोय."

दगडाबाईंचा चेहरा उतरला. सेविकेची जागा डोळ्यांदेखत हातची चालली होती. मग त्यांनी खडू उचलला, ओट्यावरच्या माझ्या शिकवणीच्या फळ्यावर 'क्ष =' लिहिलं आणि पुढचं मोठ्याने म्हणाल्या, "सूर्यभान."

लग्नातला उखाणा सोडला तर पहिल्यांदाच.

सूर्यभान कानापर्यंत लाल झाले. हॉल तिकीट मांडीवर ठेवून तळहाताने सरळ करत बसले. "जाऊ द्या तिला पेपरला," म्हणाले आणि उठले. दोन पावलं गेले, परत आले, आणि बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाले, "बाई, त्ये गनित तिच्याकडनं आजून येकदा सोडवून घ्या की. पक्कं व्हायला पायजे."