बी ग्रुप चालतो, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या भावाला नाही. आईला सांगायचं राहिलं आणि ती गेली. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही वैशालीला ओळखत नाही म्हणून असेल. बडोद्यात तिला ओळखणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जणांना तिची ओळख मीच मोठ्या तोऱ्यात करून दिलेली आहे.

आधी तिच्याबद्दलच बोलते. ते सोपं जातं मला.

वैशाली आर्किटेक्ट आहे. छाणीच्या पुढे मुलींचं एक वसतिगृह आहे, ते तिनं बांधलं. भर मे महिन्यात, दुपारी, त्याच्या जिन्यात उभं राहिलं तर अंगाला वारा लागतो. कुठून येतो ते कळत नाही. माझ्याकडे बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना राजवाडा दाखवते आणि मग रिक्षा करून हे वसतिगृह दाखवायला नेते. पाहुणे गोंधळतात. वसतिगृहात काय बघायचं? मी म्हणते, उभे तर राहा. तिथला वॉचमन आता मला बघून हसतो. माझ्या मैत्रिणीनं बांधलंय हे — हे वाक्य बोलताना माझी छाती भरून येते. ते खोटं नाही. सगळं बोलून झाल्यावरसुद्धा एवढं लक्षात ठेवा, की ते खोटं नाही.

आम्ही सुभानपुऱ्यात एकाच शाळेत होतो. माझे बाबा रेल्वेत अधिकारी, आमचं घर शाळेजवळच. तिचे वडील नंदेसरीला केमिकल फॅक्टरीत, घर छाणीला. ती सायकलनं यायची. तिच्या वडिलांनी ते घर एकेक खोली करत बांधलं होतं, आणि स्वयंपाकघर बांधायची वेळ आली तेव्हा आठवीतल्या वैशालीनं गवंड्याशी हुज्जत घालून खिडकीची जागा बदलायला लावली होती. काकूंना, म्हणजे तिच्या आईला, चुलीपाशी वारा लागावा म्हणून. तेव्हापासून तिचं ठरलेलं. घरं बांधायची.

दहावीनंतर आम्ही दोघींनी सायन्स घेतलं. आमच्याकडे सायन्समध्येही दोन वाटा असतात — ए ग्रुप म्हणजे गणित, बी ग्रुप म्हणजे बायोलॉजी. फिजिक्स, केमिस्ट्री दोघांनाही. कुठल्या वाटेनं पुढे कुठे जाता येतं आणि कुठे दार बंद होतं, हे आता मुलं फोनवर बघतात. तेव्हा कुणाला तरी विचारावं लागायचं. वैशालीच्या घरी असं कुणी नव्हतं. माझ्या घरी होतं. माझा दादा सुरतेला इंजिनीअरिंगला होता.

माझं बी ठरलेलं होतं. बाबांना मला डॉक्टर करायचं होतं, आणि मला विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी घाबरले होते. का, ते सांगते. अभ्यासात मी जी काही होते ती वैशालीमुळे होते. ती शेजारी बसायची, मला न समजलेलं हळू आवाजात समजवायची. बेडकाची, पानाची, फुलाची आकृती ती एका झटक्यात काढायची, आणि मी तिच्या आकृतीकडे बघून माझी काढायची. ती ए ग्रुपला गेली तर दुसऱ्या वर्गात बसणार. मग माझं काय? आणि — हेही आता सांगूनच टाकते — तिला काय व्हायचंय ते तिचं तिनं ठरवलं होतं, याचा मला राग येत होता.

तिला दोन्ही विषय आवडायचे. आकृत्यांमुळे बायोलॉजी थोडं जास्तच. एक दिवस सायकल हातात धरून आमच्या फाटकापाशी उभी राहिली आणि तिनं मला विचारलं, बी घेतलं तर आर्किटेक्चरला चालेल का, तुझ्या दादाला विचारशील? मी हो म्हणाले. विचारलंही. दादा सुट्टीत घरी आला होता, जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "छे, गणित पाहिजेच. गणिताशिवाय फॉर्मसुद्धा घेत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी वैशालीला सांगितलं, "दादा म्हणाला, चालतं. बारावी सायन्स असलं की झालं."

विसरून नाही. चुकून नाही. रात्रभर विचार करून, सकाळी वेणी घालून, शाळेत जाऊन सांगितलं.

तिनं आनंदानं माझा हात दाबला. दोन वर्षं ती माझ्या शेजारी बसली. त्या दोन वर्षांत मी एक गोष्ट फार जपून केली. दादा दिवाळीला घरी यायचा तेव्हा मी वैशालीला फराळाला बोलावलं नाही. दोन्ही दिवाळ्यांना काही ना काही कारण काढलं. आईनं विचारलं, तुमचं भांडण झालंय का गं? मी म्हणाले, नाही, तिला अभ्यास आहे.

बारावीला तिला सुरेख मार्क मिळाले. मला बेताचे. मेडिकलचा विषय त्याच दिवशी संपला. ती कॉलेजात चौकशीला गेली तेव्हा मी सोबत होते. कशाला गेले होते? नाही म्हणायचं धाडस नव्हतं म्हणून. खिडकीतल्या बाईंनी तिची मार्कशीट उलटसुलट बघितली आणि परत सरकवली. म्हणाल्या, "बेन, मॅथ्स वगर नहीं थाय." वैशालीनं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, गणिताशिवाय नाही होणार, या वेळी जरा मायेनं.

बाहेर आल्यावर ती झाडाखाली सायकलच्या कुलपाशी बराच वेळ खटपट करत राहिली. मी वाट बघत होते. आता ती ओरडेल, आता विचारेल. मग मी रडून सांगून टाकीन, असं मी मनात ठरवलंसुद्धा होतं. ती म्हणाली, "शुभा, तुझ्या दादाला हे सांगू नकोस हं. बिचाऱ्याची काहीतरी गफलत झाली असेल. त्याला उगाच वाईट वाटेल."

मी म्हणाले, बरं.

घरी तिनं वडिलांना सांगितलं, "चूक माझीच, मी कुणाला विचारलंच नाही." दादाचं नाव येऊ दिलं नाही. माझं येण्याचा तर प्रश्नच नव्हता. तिचे काका-मामा म्हणाले, बीएस्सी करून टाक, नाहीतर स्थळं बघू. वडील कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. फॅक्टरीची बस यायची, ते उतरायचे, जेवायचे, झोपायचे. तिनं कुणाचंही ऐकलं नाही. एक वर्ष घरी बसून गणित एकटीनं शिकली, अकरावीच्या पहिल्या धड्यापासून. संध्याकाळी गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची. पुढच्या वर्षी फक्त गणिताची परीक्षा दिली, पास झाली, आणि त्याच खिडकीपाशी जाऊन फॉर्म भरून आली. या वेळी एकटी गेली. पेढे मात्र पहिल्यांदा माझ्याकडे घेऊन आली.

लोक म्हणतात, त्या वर्षानं तिला घडवलं. ती स्वतःही म्हणते. मी नाही म्हणत. तिला खिडकीची जागा आठवीतच कळत होती. ते वर्ष तिचं होतं आणि मी ते घेतलं.

मी पुढे बीएस्सी, बीएड केलं. आता सुभानपुऱ्यातच एका शाळेत बायोलॉजी शिकवते. दहावीचा निकाल लागला की पालक मुलांना घेऊन माझ्याकडे येतात. कुठला ग्रुप, कुठले विषय, पुढे काय चालतं, काय चालत नाही. त्यात माझं नाव आहे. शुभाबेननी सांगितलं म्हणजे पक्कं, असं लोक म्हणतात. खरंच पक्कं असतं. एकाही मुलाला मी अंदाजानं उत्तर दिलेलं नाही.

यंदा आम्ही दहावीच्या मुलांसाठी वैशालीला बोलावलं. मीच सुचवलं होतं. हॉल भरलेला. ती काय सुंदर बोलली! मराठीत सुरू केलं, मुलांचे चेहरे बघून गुजरातीत गेली, हसवलं, मध्येच फळ्यावर खिडकी काढून वारा कसा फिरतो ते दाखवलं. मी पहिल्या रांगेत होते आणि शेजारच्या प्रत्येक शिक्षिकेला कोपरानं ढोसत होते. मग तिनं वाया गेलेल्या वर्षाची गोष्ट सांगितली. मागच्या एका मुलीनं उठून विचारलं, "मॅडम, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

वैशाली म्हणाली, "मी कुणाला विचारलंच नव्हतं. माझाच आळस."

इतक्या वर्षांनंतरसुद्धा! दादाचे केस पिकले, तो आता पुण्यात नातवाला खेळवतो, आणि ही अजून त्याला सांभाळतेय — त्यानं न केलेल्या चुकीसाठी.

आभार मानायचे होते मला. माइक माझ्या हातात होता. दादानं मान वर न करता म्हटलेली ती दोन वाक्यं मला स्वच्छ ऐकू येत होती. मी काय म्हणाले? मी म्हणाले, एवढी मोठी व्यक्ती आपली चूक सगळ्यांसमोर कबूल करते, हे बघा. यातून शिका. विषय निवडण्याआधी विचारा, विचारायला लाजू नका. आणि हे बोलताना मला बनाव करावा लागला नाही. मला तिचा खरोखर अभिमान वाटत होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आमच्या प्रिन्सिपॉलबेननी डोळे पुसले.

तिनं मला गाडीनं घरी सोडलं. फाटकापाशी गाडी थांबवून म्हणाली, "किती छान बोललीस गं. पोरींच्या लक्षात राहील."

मी म्हणाले, "थँक्यू." आणि उतरले.