ओटीत गेलेला खण

ये गं, अशी जवळ सरक. ह्या पत्राच्या कागदावरच बसायचं आहे, पण बस. आणि आधी बोलणी खा. तुझं माहेरचं तळेगाव म्हणजे काय काशी आहे का? लोणावळ्यात उतरलं की औंढ्याला रिक्षा मिळते. बारशाला भेटलो तेवढंच. बाळ आता मान धरायला लागलं, आणि हे मला कळतं कुणाकडून? तुझ्या धाकट्या आजीकडून! माझ्या जावेचं घर भिंतीपलीकडे. तिकडे फोन वाजतो आणि मी इकडे भांडी घासता घासता कान लावते. "व्हय गं, कुंची घालतीस ना त्याला?" असं ती विचारते, आणि मुद्दाम मोठ्यानं विचारते. त्या कुंचीचं काय झालं ते तुला ठाऊक नाही. आज सांगतेच.

सुरुवात तूच केलीस. सातवा महिना होता तुला. तू म्हणालीस, "आजी, बाळासाठी बाजारातून काही म्हणजे काही आणायचं नाही. तुझी पेटी भरून वाहतेय, त्यातलंच संपव." मला बरं वाटलं. नात पेटीचं नाव काढते म्हणजे काय कमी झालं? पण दुसऱ्या दिवशी जाऊ ओट्यावर येऊन म्हणाली, "आक्का, पोरीनं मला पण सांगितलंय, नवीन आणायचं न्हाई म्हणून." म्हणजे तू आम्हा दोघींना एकच गोष्ट सांगितलीस. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

माझी पेटी तू पाहिलीच आहेस. निम्मी लोकर, निम्मे ब्लाउजपीस. आयुष्यभर बायकांनी ओट्या भरल्या, आयुष्यभर मी भरल्या. ह्या घरचा पीस त्या घरी जातो, तिथून तिसऱ्या घरी, आणि शिवत मात्र कुणीच नाही. आपल्या मावळातली हवा अशी की पावसाळ्यात पेटीतल्या कापडालाही घाम फुटतो. कडुनिंबाचा पाला घालून घालून मी ते सांभाळलं. लोकर तर माझ्या उमेदीतली. विणायला मला कुणी शिकवलं नाही. एक जुना स्वेटर रोज थोडा उसवायचा, टाका कुठून निघतो ते बघायचं आणि परत तसाच घालायचा. उसवता उसवताच शिकले.

तर मी सुया काढल्या. मोजे विणायला घेतले. एक पिवळा झाला आणि पिवळी लोकर संपली. आणायची नाही म्हटल्यावर दुसरा जांभळा केला. जाऊ बघून गेली. म्हणाली, "आक्का, एक पाय आईकडचा न् एक पाय बापाकडचा का वो?" मी हसले. आतून जळले.

कारण तिच्याकडे काय चाललं होतं! तिच्या मशिनीचा आवाज सकाळपासून भिंतीतून यायचा. जुन्या लुगड्यांची दुपटी, झबली, गोधडी. गोधडीचे टाके असे एका ओळीत, जणू भाताची लावणी. गल्लीच्या आतल्या बाजूच्या बाया माझ्या दारावरून तिच्याकडे जायच्या बघायला. माझ्या दारावरून! एक थांबून म्हणाली, "मावशी, तुमच्या जावेच्या हाताला काय गुण हाय!" मी म्हटलं, "व्हय, हाय की." दुसरं काय म्हणणार?

मग मी ठरवलं, कुंची आपण करायची. दुपटी बाळाच्या अंगाखाली जातात, मोजे तर कुणी बघतही नाही. पण कुंची बारशाला बाळाच्या डोक्यावर असते, फोटोत येते. आणि माझ्याकडे खण होता. डाळिंबी रंग, बारीक बुट्टे, मोरपंखी काठ. माझ्या आईनं माझ्या ओटीत घातलेला. तो मी कधी शिवला नाही, कुणाला दिला नाही. चुकून कुणाच्या ओटीत जायला नको म्हणून एका साध्या गुलाबी पीसच्या घडीत गुंडाळून पार तळाशी ठेवला होता.

पेटी उपसली. सगळं कापड पलंगावर काढलं. खण नाही. गुलाबी पीसही नाही. पुन्हा उपसली. पेटीत तोंड घालून बघितलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून बायांचा गलका आला, "अगंबाई, काय रंग हाय!" आणि मी पेटी उघडी टाकून उठले.

गेले. बघते तर मशिनीवर माझा खण. कापलेला. कुंचीचा डोक्याकडचा भाग शिवून झालेला.

"ह्यो कुठला गं खण?" मीच विचारलं.

"असं काय आक्का!" जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली. "चैत्रातल्या हळदीकुंकवाला तुमीच न्हाई का घातला माझ्या ओटीत? गुलाबी पीसच्या आत ठेवून. मी घरी येऊन घडी उलगडली न् बघतच राहिले. बाकीच्या बायांना दिसू नये म्हणून आक्कानं लपवून दिला. एवढी माया कोण करतं वो?"

बाया माझ्याकडे बघून माना डोलवायला लागल्या. एक म्हणाली, "थोरली असावी तर अशी!"

चैत्रातला तो दिवस मला लख्ख आठवला. गर्दी झाली होती, तबकातले चांगले पीस संपत आले होते. जाऊ काय, घरातलीच. तिला कशाला भारी हवा, म्हणून पेटीत तळापर्यंत हात घालून सगळ्यात साधा ओढला होता. तोच गुलाबी. मी लपवलेलं माझ्याच हाताला लागलं, आणि ते मीच तिच्या पदरात घातलं. आता ते परत कुणाच्या तोंडानं मागायचं? ओटीत घातलेलं परत मागितलेलं मी ह्या गावात ऐकलेलं नाही.

घरी येऊन पलंगावरचं सगळं परत पेटीत कोंबलं. दोन दिवस तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. तिला ते कळलंही नाही, ह्याचा आणखी राग.

तिसऱ्या दिवशी ती कुंची घेऊन दारात. "आक्का, अस्तर राहिलंय. माझी जुनी लुगडी सगळी दुपट्यांत गेली. हाय ते कापड कडक हाय, पोराच्या टाळूला टोचंल. तुमच्याकडं एखादं पातळ हाय का वो जुनं?"

होतं. पांढरं, बारीक निळ्या ठिपक्यांचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. तुझ्या बापाला मी त्याच पातळाच्या झोळीत निजवलं होतं. जाऊ हात पुढे करून उभी. मी म्हटलं, "पातळ हाय. पण अस्तर मी लावणार. मशिनीवर न्हाई, हातानं."

"लावा की," ती म्हणाली. तिला वाटलं, आपले कष्ट वाचले. मी मनात म्हटलं, खण लोकांना दिसेल, पण बाळाच्या डोक्याला लागेल ते माझंच.

बारीक धावदोरा घातला, शिवण आत दाबली. एवढं चांगलं काम मी कधी केलं नव्हतं.

आणि बारशाला काय झालं? सगळ्या बायांनी खणाची तारीफ केली. ठीक, ते धरूनच चालले होते. मी वाट बघत होते ती तुझी. पाळण्यातून बाळाला काढलंस, कुंची सोडलीस, आतून हात फिरवलास आणि म्हणालीस, "किती मऊ आहे गं!" मी पदर सावरून पुढे सरकले. आणि तू बघितलंस कुणाकडे? तिच्याकडे! आणि ती बया नुसती हसली. खणाचं श्रेय मला देणारी ती, अस्तराच्या वेळी गप्प. विसरली असेल. मी नाही विसरत.

आता तुला कळलं. सासरी जायच्या आधी एकदा ये. बाळाला तीच कुंची घालून आण. पेटीत अजून लोकर आहे, हिरवी भरपूर आहे, दोन्ही पाय एका रंगाचे होतील. चहा तिच्याकडे घे, जेवण तिच्याकडे कर, मी काही म्हणणार नाही. पण रिक्षातून उतरलीस की आधी माझ्या दारात ये. तिचं दार अलीकडे लागतं, ठाऊक आहे मला. तिथं थांबू नकोस. मी ओट्यावरच बसलेली असेन. लवकर ये.