फोटो चार दिवसांपूर्वीचा होता

मंडळी, दुपारपासून कशातच मन लागत नाहीये, म्हणून लिहितेय.

विट्याजवळच्या डोंगरात आम्ही काही जण चितळांच्या कळपावर लक्ष ठेवतो. थंडीत गवत वाळतं, म्हणून वनखात्याला विचारून त्यांच्यासाठी मका पेरलाय. बाजूच्या झाडावर आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधलाय. दर रविवारी कार्ड काढून फोटो बघतो.

आज बघितले, तर एका मादीचं तोंड प्लास्टिकच्या बरणीत अडकलेलं. हिरव्या मक्यात उभी, पण खाता येत नव्हतं. पाडस पोटाशी. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत ती बसलेली. त्यानंतर पाडस एकटंच.

वनमजूर तात्यांसोबत चार तास ओढे पालथे घातले. शेवटी तात्या म्हणाले, "आवं ताई, तिचा शेवटचा फोटो चार दिसांमागचा हाय. आता कुठं घावायची ती?"

परतताना पाडस मक्याच्या कडेला दिसलं. मी पुढं झाले, तर तात्यांनी अडवलं. "हात नका लावू. लय भ्यालंय. कळपात राहिलं तरच जगंल."

कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं आणि खाली आलो.

खरं सांगा, अशा वेळी नुसतं बघत राहणं तुमच्यापैकी कुणाला जमलंय का?