चाळीस पावलं, बशीरच्या पाठीवर

साठावी बैठक काढताना बशीर डावीकडे कलला, आणि मी न पाहिल्यासारखं केलं.

हात टेकून त्यानं तोल सावरला. एकसष्टावी काढली.

समोर तळं. काळंनिळं, कडेला पातळ बर्फ. हिमालयात, चंब्याच्या वरचे डोंगर, चौऱ्याहत्तर सालचा सप्टेंबर, दुपारचे दोन. झाड नाही, घर नाही. आमचा एक टेंट.

त्याला पन्नास वर्षं झाली. बशीर परवा गेला.

शाहूपुरीतल्या गाद्यांच्या दुकानातला बशीर. त्याआधी तालमीतला. मी तेव्हा एम.ए. करत होतो, म्हणून त्याच्यासाठी कायमचा मास्तर.

स्लीपिंग बॅग घेणं जमणारं नव्हतं. त्याच्या वडिलांनी दोन रजया पिशवीसारख्या शिवून दिल्या. एकेक चार किलोची. दोन्ही बशीरनंच वर आणल्या. लोक खालच्या गावातून दोन दिवसांत चढतात. आम्ही एका दिवसात चढलो, त्याच्या हट्टापायी.

चार दिवस राहायचं होतं. हा पहिलाच.

सकाळपासून तो एका जागी बसला नव्हता. टेंटचे दोर सोडले, पुन्हा बांधले. चहा टाकला, प्यायला नाही. तळ्याकडे गेला, आला, परत गेला. डोकं दुखतंय का विचारलं, तर बैठका सुरू केल्या.

तालमीत दम लागला की वस्ताद एकच सांगत, अजून काढ. दम लागला म्हणजे मेहनत कमी पडली. वर हवा विरळ असते हे मी त्याला दोनदा समजावलं.

"हवा ती हवा. हितली काय येगळी असती व्हय?"

एक म्हातारा मेंढपाळ बकऱ्या घेऊन जात होता. त्यानं बशीरचे ओठ पाहिले. निळे. मला बाजूला घेऊन हिंदीत म्हणाला, उजेड आहे तोवर याला खाली ने. असाच एक जण इथे झोपला होता, उठला नाही.

मी बशीरला सांगितलं. तो हसला. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना. तोंडावरचा रुमाल न बघताच त्यानं खिशात घातला.

"तू जा खाली. तालमीत चार दिवस म्हणून सांगून आलोय मी."

त्याचं वजन शहाण्णव किलो, माझं अठ्ठेचाळीस. ओढून नेणं शक्य नव्हतं.

मग मी डोकं धरून मटकन खाली बसलो.

"बशा, मला काही दिसत नाही. मला खाली ने."

तो बघत राहिला. मग माझे बूट बांधायला वाकला.

"आदी सांगायचं न्हाय व्हय रे?"

टेंट तसाच सोडला. रजया तशाच. माझ्यापुढे पाठ करून तो उकिडवा बसला.

"चढ."

हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. म्हणालो, चालतो मी.

"दिसत न्हाय म्हंतोस आन् चालतोस? चढ म्हटलं की."

चढलो.

माझा कान त्याच्या पाठीला टेकला होता. आत भात शिजल्यासारखी खदखद ऐकू येत होती.

प्रत्येक पावलागणिक माझ्या वजनानं मी त्याला मारत होतो. खरं सांगितलं तर तो वर परतणार. नाही सांगितलं तर असाच चालत राहणार.

चाळीस पावलं. मी मोजली.

मग घशात बोटं घातली आणि त्याच्या खांद्यावर ओकलो. म्हणालो, उतरव, हिंदकळलं की ढवळतंय.

त्यानं उतरवलं. पुढे मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून चाललो. थोडं चाललं की मी चक्कर आली म्हणून बसायचो, म्हणजे त्यालाही बसावं लागे. दर वेळी तो शिव्या द्यायचा. सुरुवातीला एक शिवी दोन श्वासांत यायची.

देवदार लागले तेव्हा तो म्हणाला, "पुस्तकं खाऊन अंगात काय भरणार मर्दा तुझ्या, आमच्या दुकानातला कापूस तुझ्यापरीस जड हाय."

एका दमात.

मी झाडाला टेकून रडलो. त्याला वाटलं, दुखतंय.

ही गोष्ट त्यानं पन्नास वर्षं सांगितली. माझ्या लग्नात चाळीस पावलांचे चार मैल झाले होते. गिऱ्हाइकांना सांगितली, माझ्या विद्यार्थ्यांना सांगितली. मास्तरनं नांगी टाकली, मी पाठीवर घेतला. माझ्या बायकोलाही तेच खरं वाटतं. तिला आज हे वाचून कळेल.

एकदा दुकानात त्याला खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. तो कुणाला तरी तेच सांगत होता, हातवारे करून. मी चहा घेतला आणि आलो.

काल कब्रस्तानात त्याचा थोरला मुलगा मला लोकांपुढे घेऊन गेला. म्हणाला, "हेच ते काका. ह्यांना अब्बांनी हिमालयातनं पाठीवरनं आणलं."

मी मान हलवली.

घरी आल्यापासून बसवत नाही. चपला घालतो, जिन्यापर्यंत जातो, परत येतो.

बाळ, तू हे वाचशील. तुझे अब्बा खोटं बोलत नव्हते. ती चाळीस पावलं खरी आहेत, आणि ती त्यांनी कोणत्या अवस्थेत टाकली हे मला एकट्याला माहीत होतं. म्हणून लिहिलं.

बशा, सावकाश जा. तुझी माफी मागायची राहिली.

डोंगर उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या खालच्या गावात जागा झालो, तेव्हा बशीर चार घरं फिरून माझ्यासाठी दूध घेऊन आला होता. मी पेला पूर्ण संपवेपर्यंत तो समोर उभा राहिला.